सोपटातून आलेला मोगरा

आपल्याकडच्या अंगणातल्या मोगऱ्याला सहसा फळ धरत नाही. फुलं ओंजळी भरभरून येतात, पण बी हाती लागत नाही. मोगरा लावायचा तर कुणाच्या तरी मोगऱ्याची फांदी मागून आणावी लागते, आणि ती फांदीही आधी अशीच कुठूनतरी आलेली असते. फांदीपासून केलेलं झाड म्हणजे मूळ झाडाचाच पुढचा भाग. वेगळ्या मातीत, पण तेच. आमच्या गच्चीवरच्या कुंडीतला बटमोगरा हा माझ्या आजीच्या माहेरी, राजापूर तालुक्यातल्या एका खेड्यात, विहिरीच्या काठाला होता तोच आहे, असं मी म्हणते तेव्हा ते शब्दशः खरं असतं.

आमच्या घरात जुने कागद फारसे कुणी जपले नाहीत. कोण कधी कुठून आलं, हे फुलझाडांवरून सांगितलं जायचं. "तुझा बाबा झाला त्या वर्षी जुई मांडवाच्या वर गेली होती," हे आजीचं कालमापन. ते ऐकत मोठं झाल्यामुळे मला घराण्याचा इतिहास कळला तो जाई, सोनटक्का, अनंत आणि गुलबक्षी यांच्या मार्फत. झाडांची निगाही त्याच गोष्टींतून कळली. आजी कधी "शिकवते" असं म्हणाली नाही. ती गोष्ट सांगायची, आणि हात कुंडीत असायचे.

१९३८ साली लग्न होऊन ती पुण्याला आली. राजापूरकडची माणसं तेव्हा बोटीने मुंबई आणि मुंबईहून आगगाडीने पुणं गाठायची. पावसाळ्यात समुद्र खवळला की बोटी बंद. फांदी रुजवायची तर पहिल्या पावसासारखा मुहूर्त नाही, पण नेमक्या त्याच दिवसांत कोकणातून काही आणता यायचं नाही. म्हणून पहिल्या माहेरपणाहून परतताना, वैशाखातल्या शेवटच्या बोटींपैकी एकीने, तिच्या आईने तिच्याबरोबर झाडं दिली. मोगऱ्याच्या फांद्या केळीच्या ओल्या सोपटात गुंडाळलेल्या, अनंताचं एक मूळ धरलेलं रोप नारळाच्या सोडणात बसवलेलं, आणि सोनटक्क्याचे कंद नुसते मातीसकट फडक्यात. केळीचं सोपट दोन-तीन दिवस ओल धरून ठेवतं आणि आतल्या फांदीला हवाही मिळते. प्लास्टिकच्या पिशवीत फांदी घामेजून काळी पडते. मी आजही कुणाला मोगऱ्याची फांदी लांब पाठवायची झाली तर सोपट शोधते, नाही मिळालं तर ओलं सुती फडकं.

नारायण पेठेतल्या वाड्याच्या मागे परसू होतं आणि त्यावर सत्ता आजीच्या सासूबाईंची. जाईचा मांडव, जुई, कुंद, प्राजक्त, शेवंती, कोपऱ्यात गुलबक्षी, असा त्यांचा संसार आधीच मांडलेला. नव्या सुनेच्या कोकणातल्या फांद्यांना त्यांनी जागा दिली ती न्हाणीच्या पाण्याच्या वाटेवर. सोनटक्क्याला ती जागा फारच मानवली. त्याला ओल हवी, दुपारची सावली हवी, आणि आल्याच्या कुळातला असल्यामुळे कंद पसरायला मोकळी जमीन हवी. श्रावण-भाद्रपदात संध्याकाळी त्या बाजूला कुणी गेलं तर हात हलवत परत यायचं नाही. सोनटक्क्याचा एक दांडा एकदाच फुलतो. फुलून झालेला दांडा बुडापासून कापला की नव्या कोंबांना वाव मिळतो. तो तसाच ठेवणारे लोक मग "आमचा सोनटक्का फुलत नाही" म्हणतात.

अनंताची गोष्ट वेगळी झाली. कोकणात तो जांभ्याच्या लाल मातीत वाढलेला. ती माती आंबट, म्हणजे आम्लधर्मी. पुण्याच्या काळ्या मातीत चुना फार. दुसऱ्या वर्षी त्याची कोवळी पानं पिवळी पडायला लागली; शिरा हिरव्या आणि मधला भाग लिंबाच्या सालीसारखा. सासूबाईंनी कुणाच्या तरी सांगण्यावरून बुडाशी गंजलेले खिळे पुरले. काही झालं नाही. कारण लोह मातीत असूनही चुनखडीच्या मातीत मुळांना ते घेता येत नाही. शेवटी आजीच्या भावाने एका दिवाळीला येताना पोतंभर लाल माती आणली, अनंत जमिनीतून काढून मोठ्या कुंडीत त्या मातीत लावला, आणि पावसाचं साठवलेलं पाणी त्याला घालायचं असं ठरलं. पुढच्या पावसाळ्यात अनंत फुलला. आता रोपवाटिकेत मुळांना घेता येईल अशा रूपातलं लोह बाटलीत मिळतं, ते चांगलं चालतं. पण बोअरचं जड पाणी रोज घालत राहिलं तर बाटल्या संपतात आणि पानं पिवळीच राहतात. अनंत पिवळा पडला की आधी पाणी बघावं, मग माती, मग खत. बहुतेक जण नेमकं उलट्या क्रमाने जातात.

सासूबाई कडक होत्या, पण त्यांनी आजीला जे दिलं ते पुढे सगळ्या घराला पुरलं: झाड फुलावर नसताना ओळखायचं कसं. जाई, जुई, कुंद, मोगरा ही एकाच कुळातली भावंडं. फूल समोर असताना कुणीही ओळखेल. माघात छाटलेल्या चार काटक्यांवर चार पानं असतील तेव्हा ओळखता आली पाहिजेत, हा त्यांचा आग्रह. आजीने तीच परीक्षा पुढे आमची घेतली, डोळे मिटायला लावून. जाईचं पान एकटं नसतं. एका देठावर पाच-सात पानं समोरासमोर, टोकाचं जरा मोठं आणि अणकुचीदार. तिच्या कळीच्या पाठीवर गुलाबी-जांभळी झाक असते. जुईचं मुख्य पान एकच वाटतं, पण देठाजवळ बोट फिरवलं की दोन चिमुकली पानं लागतात, कानाच्या पाळ्यांसारखी. कधी ती इतकी लहान असतात, की नखालाच कळतात. कुंदाच्या पानावर आणि कोवळ्या फांदीवर लव असते. फुलं भर थंडीत, पांढरीशुभ्र, वास अगदी हलका. मोगऱ्याचं पान साधं, गुळगुळीत, शिरा उठावदार. त्यातही बटमोगऱ्याची कळी गोल आणि गच्च, मदनबाणाची लांब, टोकदार. आणि काही घरांत ज्याला हजारी मोगरा म्हणतात, तो मोगऱ्याच्या कुळातलाच नव्हे. त्याचं मोठं पान चुरगाळलं की उग्र, नकोसा वास येतो, आणि त्याची मुळं जमिनीखालून पसरत साऱ्या वाफ्यात कोंब काढतात. तो लावायचा तर कुंडीतच.

एवढा काथ्याकूट कशासाठी, असं मला लहानपणी वाटायचं. पण छाटणीची वेळ, पाण्याचा ताण, सावलीची सवय हे सगळं जातीजातीला निराळं आहे. कुंद पौषात छाटला तर त्या वर्षीचं फूल गेलं. मोगरा पौषात छाटला नाही तर चैत्रातलं फूल गेलं. नाव चुकलं की निगा चुकते.

१२ जुलै १९६१ ला सकाळी पानशेतचं धरण फुटलं आणि त्या लोंढ्यापुढे खडकवासल्याचंही टिकलं नाही. मुठेचं पाणी नदीकाठच्या पेठांमध्ये शिरलं. आजी मुलांना आणि म्हाताऱ्या सासूबाईंना घेऊन पर्वतीच्या बाजूला नातेवाइकांकडे गेली. परत आली तेव्हा वाड्याच्या मातीच्या भिंती बसल्या होत्या आणि परसात गुडघाभर गाळ होता. मागची भिंत मोगऱ्यावर आणि कुंदावर पडली होती. जाईचा मांडव वाहून गेला होता. या पुराबद्दल आजी फार बोलायची नाही. भांडी गेली, कपडे गेले, हे एका वाक्यात सांगायची. परसाबद्दल मात्र तिला एकेक झाड कुठे होतं ते हाताने हवेत दाखवून सांगावंसं वाटायचं.

गाळ उपसून झाला. श्रावण संपता संपता त्या उघड्या जागेत गुलबक्षी वर आली. गुलबक्षीचं मूळ मुळ्यासारखं जाड, गाठाळ असतं. वरचं सगळं गेलं तरी ते जमिनीखाली जीव धरून राहतं. दुपार कलताना, चारच्या सुमाराला, त्या पडक्या परसात गुलबक्षीची पहिली फुलं उघडली तेव्हा सासूबाई तिथे जाऊन बसल्या आणि बराच वेळ उठल्या नाहीत. गुलबक्षी ही मूळची अमेरिका खंडातली. जर्मनीतल्या कार्ल कोरेन्सने १९०९ साली हिच्याच चट्ट्यापट्ट्यांच्या पानांवर प्रयोग करून दाखवलं, की काही गुण फक्त आईकडून उतरतात. सासूबाईंना यातलं काही ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. त्यांच्या लेखी ती त्यांच्या सासूची गुलबक्षी होती.

मोगरा परत आला तो वाईहून. माझ्या आत्याचं लग्न पुराच्या दोन वर्षं आधी झालं होतं, आणि निघताना तिने बटमोगऱ्याची दाब कलम करून नेली होती. खालची फांदी वाकवायची, सालीवर एक खरवड करायची, तो भाग मातीत दाबून वर वीट ठेवायची, आणि पावसाळाभर विसरून जायचं. मुळं धरली की आईझाडापासून तोडायची. कृष्णेच्या काठच्या मातीत तो मोगरा फोफावला होता. पुरानंतरच्या दिवाळीला आत्या माहेरी आली ती पिशवीत त्याची तीन रोपं घेऊन. आजी सांगायची, "त्या वर्षी भाऊबीजेला भावांनी ओवाळणी घालायची ती बहिणीनेच माहेराला घातली." जाई शेजारच्या गल्लीतून आली, कधीकाळी आमच्याकडूनच नेलेली. सोनटक्क्याचे कंद राजापूरहून पुन्हा आले.

कुंद आला नाही. तो आम्ही कुणालाच दिलेला नव्हता. सासूबाईंना तो फार प्रिय, त्यामुळे त्याची फांदी तोडू द्यायच्या नाहीत. आणि म्हणून पुरात गेला तो कायमचा गेला. पुढे आजीने दुसरीकडून कुंद आणला, तो छान वाढला, पण सासूबाई त्याला "पाहुणा" म्हणायच्या. त्या वर्षानंतर आमच्या घरात नियम झाला: झाड रुजलं, की त्याचं पहिलं रोप घराबाहेर जाणार. दुसरं आपल्याला. आजीच्या साऱ्या बागकामातली ही एक गोष्ट मला सगळ्यांत मोठी वाटते. खत, पाणी, छाटणी यांच्याही वर मी ती ठेवते, कारण बी न धरणाऱ्या झाडाला दुष्काळ, पूर आणि घरबदल यांतून वाचवणारा दुसरा उपाय मला माहीत नाही.

पुढे पूरग्रस्तांसाठी वसवलेल्या एका वसाहतीत घर मिळालं. पेठेतल्यापेक्षा उजेड भरपूर. तिथला मोगरा मी पाहिलेला, हाताळलेला. मार्गशीर्षात आजी त्याचं पाणी कमी करत आणायची आणि मग तोडायची. पानं मलूल झाली, गळाली, तरी तिचा जीव कासावीस होत नसे. संक्रांतीच्या सुमाराला छाटणी, निम्म्याहून थोडी जास्तच. आळं उकरून वरची मुळं चार-आठ दिवस उन्हात उघडी ठेवायची, मग मुरलेलं शेणखत आणि भरपूर पाणी. मोगऱ्याचं फूल नव्या फुटीच्या टोकाला येतं, म्हणून फूट जेवढी, फूल तेवढं. एक बहर सरला की फुलून गेलेली टोकं दोन-तीन पानांसकट खुडायची; तीन-चार आठवड्यांत पुन्हा कळ्या. ज्यांचा मोगरा नुसता हिरवागार वाढतो आणि फुलत नाही, त्यांच्याकडे बहुधा ऊन कमी असतं किंवा नत्राचं खत जास्त. निम्मा दिवस तरी थेट ऊन नसेल तर मोगरा लावू नये, त्याच्याऐवजी अबोली लावावी.

अबोली आमच्याकडे आईने आणली. तिचं माहेर गोव्यात, डिचोलीकडचं. गोवा मुक्त व्हायच्या आधीच्या वर्षांत सरहद्दीपलीकडच्या नातेवाइकांकडे जाणं-येणं अवघड होतं. १९६१ च्या डिसेंबरनंतर वाट मोकळी झाली आणि मग पुण्यातल्या स्थळांचा विचार सुरू झाला. आई म्हणायची, "आधी सैन्य आलं, मग तुझे बाबा बघायला आले." लग्नानंतर तिने काडेपेटीत अबोलीचं बी आणलं. मोगऱ्याचा प्रवास फांदीने, अबोलीचा बियांनी. वाळलेल्या बोंडाला पाणी लागलं की ते तट्‌कन फुटतं आणि बी लांब उडतं. आम्ही मुलं वाटीभर पाण्यात बोंडं टाकून कान लावून बसायचो. आईच्या गावी देवीला अबोलीचे वळेसर, केळीच्या दोऱ्यात ओवलेले. वास नसूनही बायका ती केसात माळतात, कारण ती दोन-तीन दिवस सुकत नाही. अबोलीच्या मुळांना सूत्रकृमी लागतात; मुळांवर गाठी येतात आणि झाड खुजं होतं. आई अबोलीच्या ओळीत झेंडू लावायची, दसऱ्याला फुलं होतात म्हणून. झेंडूच्या मुळांतली द्रव्यं सूत्रकृमींना मारक असतात, हे मी पुष्कळ नंतर वाचलं.

त्याच वसाहतीत शेवंतीचं कोडं पडलं. कुंपणाजवळची शेवंती एका वर्षी नुसती वाढत राहिली, कळी नाही. घराच्या मागची, त्याच फुटव्यांपासून लावलेली, नेहमीसारखी कार्तिकात फुलली. सासूबाई तेव्हा हयात होत्या; त्यांनी दृष्ट काढली, मीठमोहऱ्या उतरवल्या. आजीला मात्र वेगळी शंका आली. त्याच वर्षी कुंपणाबाहेर रस्त्यावरचा दिवा लागला होता. तिने एक कुंडी उचलून मागे अंधारात नेऊन ठेवली. उशिरा का होईना, तिला फुलं आली. गार्नर आणि अ‍ॅलर्ड या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९२० साली प्रसिद्ध केलं, की कित्येक झाडं दिवस-रात्रीच्या लांबीवरून फुलायची वेळ ठरवतात. शेवंतीला लांब, अखंड रात्र लागते. मध्ये प्रकाश पडला की तिच्या लेखी रात्र मोडते. आज इमारतींच्या बाल्कन्यांत रात्रभर दिवे असतात आणि लोक खतवाल्याला दोष देतात. आश्विनापासून संध्याकाळी शेवंतीची कुंडी काळोखात सरकवून बघा. त्याआधी पावसाळ्यात दोन-तीनदा शेंडे खुडा, म्हणजे झाड बुटकं, भरगच्च होईल. फुलं संपल्यावर बुडाशी येणारे फुटवे पुढच्या वर्षीसाठी वेगळे करा. जुनं झाड तसंच ठेवलं तर फूल वर्षागणिक लहान होत जातं.

निशिगंधाबद्दल थोडं. तो मेक्सिकोचा. एक कंद एकदाच फुलतो, मग त्याच्या भोवतीची पिल्लं मोठी होऊन फुलतात, म्हणून दर दोन-तीन वर्षांनी कंद उकरून वेगळे करावे लागतात. एकेरी फुलाचा वास दुहेरीपेक्षा सरस. सदाफुली मादागास्करची, हिच्याच पानांतून १९५८ साली कॅनडातल्या नोबल आणि बिअर यांनी कर्करोगावरचं व्हिनब्लास्टिन वेगळं केलं. शेवंती आणि अनंत चीनकडचे. आमच्या परसातली निम्मी झाडं अशी दूरदेशची निघतात, आणि तरी आजीला त्यातलं एकही परकं वाटलं नाही. झाड कुणी दिलं, एवढंच तिला महत्त्वाचं.

आता आमच्याकडे जमीन नाही, गच्ची आहे. कुंडीत झाडाचं आयुष्य आपल्या हातावर असतं. दोन वर्षांनी मोगरा कुंडीतून काढते, गोल गुंडाळलेली मुळं बाहेरून दोन बोटं छाटते, निम्मी माती बदलते आणि परत लावते. जास्वंदीवर पांढरा कापसासारखा पिठ्या ढेकूण दिसला, की आधी मुंग्या पाहते. त्याच त्याला फांदीफांदीवर वाहून नेतात. मुंग्या थांबवून, साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्याने फांद्या पुसल्या की पुष्कळदा औषध लागतच नाही.

रोपवाटिकेतून आणलेल्या पिशवीवर हल्ली नुसतं "जास्मिन" लिहिलेलं असतं. मला हे मनापासून खटकतं. विकणाऱ्याला जाई, जुई, कुंद यांतला फरक सांगता येत नसेल, तर घेणाऱ्याने पान उलटून, देठ चाचपून स्वतः बघावं आणि नाव लिहून कुंडीला लावावं. आजी गेल्यावर आत्याने आम्हा सगळ्या भावंडांना बोलावून वाईच्या परसातली झाडं एकेक दाखवली: हे कुणाकडचं, हे कोणत्या साली आलं, हे कुणाला दिलं. मी ते वहीत उतरवून घेतलं. तुमच्या घरात असं सांगणारं माणूस असेल, तर या पावसाच्या आधी एकदा त्याच्याबरोबर बागेत फिरा.

आणि जूनमधले दोन-तीन चांगले पाऊस झाले, की तुमच्या मोगऱ्याची पेन्सिलीएवढी जाड, चार डोळ्यांची फांदी घ्या. खालची पानं काढा, डोळ्याच्या लगेच खाली तिरका काप द्या, दोन डोळे मातीत आणि दोन वर राहतील अशी ती निम्मी वाळू, निम्मी माती घातलेल्या कुंडीत लावा आणि सावलीत ठेवा. सहा-आठ आठवड्यांत ती मूळ धरेल. ते पहिलं रोप घरात ठेवू नका. कुणाला तरी द्या, आणि देताना झाडाचं नाव आणि ते तुमच्याकडे कुठून आलं, हे दोन्ही सांगा.